मागच्या सीटवरची घोंगडी

सुमेधा कर्णिक यांनी नोकरीची सगळी वर्षं एकाच कामात घालवली. कोण आलं आणि कोण आलं नाही हे बघायचं, एवढंच ते काम. फोर्टमधल्या एका सरकारी कचेरीत त्या हजेरी सांभाळायच्या. त्यांची खुर्ची बरोबर दारासमोर होती. उशिरा येणाऱ्याला त्या बोलत काही नसत, नुसत्या बघत. साहेबसुद्धा त्यांच्या समोरून जरा अंग चोरूनच आत जायचे.

निवृत्त झाल्यावर या नजरेचं करायचं काय, हा प्रश्न आला. थोडे दिवस त्यांनी ती घरात वापरून पाहिली. दूधवाला, केर काढणाऱ्या बाई आणि नवरा, या तिघांपैकी कुणालाच ती मानवली नाही. शेवटी शिवाजी पार्कच्या कट्ट्यावरच्या मैत्रिणींनीच तोड काढली. माणसं गोळा करायची आणि मोजायची इतकी हौस आहे, तर आम्हाला फिरायला घेऊन चल, असं त्या म्हणाल्या. तेव्हापासून सुमेधाबाई एका दिवसाच्या सहली काढायला लागल्या. पहाटे शिवाजी पार्कहून मिनीबस निघायची, रात्रीच्या जेवणाला सगळे आपापल्या घरी. कधी देवराई, कधी मिठागरं, कधी खाडीकाठचे पक्षी. आणि थंडीत एकदा, आवर्जून, धनगरांचा तळ.

ही सहल त्यांची फार लाडकी. दिवाळी झाली की फलटणकडचे मेंढपाळ घाट उतरून कोकणात येतात. भात कापून झालेल्या शेतात रात्री मेंढरं बसवायची, शेतकऱ्याला खत मिळतं, मेंढरांना चारा. दोनचार दिवसांनी बिऱ्हाड घोड्यावर लादायचं आणि पुढच्या शिवारात जायचं. पालीच्या पुढे अंबा नदीच्या काठाने फिरणाऱ्या मीराबाईंच्या बिऱ्हाडाशी सुमेधाबाईंचा चांगला घरोबा जमला होता. तळ कुठे पडलाय हे मीराबाईंचा मुलगा आदल्या दिवशी फोनवर कळवायचा.

यंदाच्या सहलीला त्यांनी पहिल्यांदाच नवऱ्याला बरोबर घेतलं होतं. हौसेनं नव्हे, नाइलाजानं. रघुवीररावांना श्रावणात हृदयविकाराचा झटका येऊन गेला होता. नळी घातली, धोका टळला, डॉक्टरांनी हसतमुखानं घरी पाठवलं आणि सांगितलं की आता पूर्वीसारखे राहा. रघुवीररावांनी ते ऐकलं. सुमेधाबाईंनी ऐकलं नाही. त्यांनी आपली जुनी खुर्ची जणू दारासमोरून उचलून नवऱ्यासमोर आणून ठेवली. त्या दिवसापासून पाच महिने त्यांच्या नजरेखाली हजेरीला एकच माणूस होता.

पूर्वी रघुवीरराव सकाळी पार्काला एकटे फेऱ्या मारायचे, तेही तरातरा. मधेच नेट्सपाशी थांबून अनोळखी पोरांशी फलंदाजीवरून वाद घालायचे. आता सुमेधाबाई शेजारून चालायच्या आणि ते जरा वेगात निघाले की कोपर धरायच्या. न्हाणीघराची कडी लावायला बंदी झाली. आमटीतलं मीठ गेलं, जिन्यावरून एकट्यानं उतरणं गेलं, फोनमुळे ताण येतो म्हणून फोनही गेला, तो सुमेधाबाईंच्या पर्समध्ये राहायला लागला. जिभेखाली ठेवायच्या गोळ्याही तिथेच होत्या, कारण ऐन वेळी त्या यांना सापडणार नाहीत याची बाईंना खात्री होती. रघुवीरराव कशालाच नाही म्हणाले नाहीत. ते हळूहळू गप्प होत गेले, इतकंच. आणि ते गप्प झाले म्हणून सुमेधाबाई आणखी घाबरल्या.

तर असे हे दोघे आणि अठरा प्रवासी घेऊन वैभवची मिनीबस जानेवारीतल्या एका रविवारी निघाली. वैभव लालबागचा. बाईंच्या सगळ्या सहलींना गाडी त्याचीच. रघुवीररावांना शेवटच्या सीटवर खिडकीपाशी बसवलं होतं, कारण तिथे पाय लांब करता येत. अंगावर घोंगडी होती, काळी, पांढऱ्या पट्ट्यांची. ती दादरच्या एका प्रदर्शनातून खास त्यांच्यासाठी घेतली होती आणि कुठेही जाताना बाई ती बरोबर घ्यायच्याच.

खोपोली गेल्यावर सुमेधाबाईंनी नेहमीचं भाषण केलं. तळावर चपला घालून चुलीपाशी जायचं नाही. कुत्र्याला हात लावायचा नाही. आणि मुख्य म्हणजे मेंढरं किती आहेत हे विचारायचं नाही. जितराब मोजलेलं त्या लोकांना आवडत नाही. ती माणसं एकेक मेंढरू तोंडावरून ओळखतात, कुठलं आलं नाही ते त्यांना नुसतं बघून कळतं. प्रवाशांनी माना डोलावल्या. बाईंनी लगेच पुढून मागे बोट फिरवत सगळी डोकी मोजली, अठरा भरली, आणि त्या समाधानानं खाली बसल्या.

तळ पाहून सगळे खूश झाले. नदीला पाणी कमी होतं पण नितळ होतं. पलीकडे वालाची हिरवी शेतं होती, त्यामागे डोंगराची कड. पुरुषमाणसं मेंढरं चारायला घेऊन गेली होती. तळावर बायका, दोन घोडे, कोंबड्या आणि जाळीच्या कुंपणात ठेवलेली कोकरं होती. मीराबाईंनी बिऱ्हाड कसं लादतात ते दाखवलं. आधी तंबूच्या काठ्या, मग भांडी, मग धान्य, सगळ्यांत वर कोंबड्यांची डालगी आणि चालता न येणारी कोकरं. लालबागच्या कांताबाई राणे यांनी विचारलं की एवढ्या संसारात एकही कपाट नाही, मग साड्या कुठे ठेवता? मीराबाई अंगावरच्या लुगड्याकडे बघून हसल्या. मग चहा झाला, फोटो झाले. रघुवीरराव सगळा वेळ कोकरांच्या जाळीपाशी उभे होते आणि सुमेधाबाई चहा पिताना, बोलताना, फोटोतसुद्धा, त्यांच्याकडे बघत होत्या.

निघायच्या वेळी नेमका गोंधळ उडाला. कांताबाईंचा चष्मा सापडेना. सगळे मिळून चष्मा शोधायला लागले. तो कांताबाईंच्याच डोक्यावर निघाला. हशा पिकला, मंडळी गाडीत चढली. सुमेधाबाईंनी डोकी मोजली. अठरा. शेवटच्या सीटकडे नजर टाकली. खिडकीला टेकून, घोंगडी डोक्यावरून घेऊन, स्वारी झोपली होती. त्यांना बरं वाटलं. दमले असतील, झोपू दे, असं म्हणून त्यांनी वैभवला गाडी काढायला सांगितली, आणि जरा हळू चालव असंही.

पालीचा बाजार येईपर्यंत बाई अगदी निवांत होत्या. खूप दिवसांनी त्या सहप्रवाशांशी मोकळेपणी बोलल्या. नवऱ्याला गाढ झोप लागलीय या विचारानं त्यांना हलकं वाटत होतं.

पालीच्या एसटी स्टँडपाशी वैभवनं गाडी थांबवली. मागच्या सीटवरची घोंगडी उठून उभी राहिली. ती बाजूला झाली आणि आतून एक म्हातारी निघाली, हिरवं लुगडं, कपाळभर कुंकू. तिनं घोंगडीची नीट घडी घातली, सीटवर ठेवली आणि पुढे येऊन सुमेधाबाईंना म्हणाली, "येते बाय. लई गार हुतं गाडीत. ह्ये पांघरून गावलं म्हून बरं झालं."

ही मीराबाईंची सासू, रमाबाई. डोळ्याचं औषध आणायला पालीला निघाली होती. तिनं विचारलं म्हणून वैभवनं तिला गाडीत घेतलं होतं आणि बाईंना सांगायचं तेवढं राहिलं होतं. आमचे हे कुठायत, एवढंच सुमेधाबाईंनी विचारलं.

म्हातारी म्हणाली, "तेनीच तर मला जागा दिली. बस माज्या जागंवर म्हनले आन खाली उतारले."

आता काय झालं असेल ते सुमेधाबाईंना लख्ख दिसलं. माणूस सभ्य, म्हातारीला जागा देऊन खाली उतरला, दुसरीकडून चढायला गेला असेल, आणि आपण मोजणाऱ्या शहाण्या, आपण गाडी हाकली. ज्या माणसाला पाच महिने क्षणभर नजरेआड केलं नाही, त्याला रानात सोडून आलो. फोन आपल्या पर्समध्ये. गोळ्या आपल्या पर्समध्ये. त्यांच्या छातीत आत्ता कळ आली तर जिभेखाली ठेवायला तिथे काहीच नाही, आणि ते काही नाही ते आपल्यामुळे. त्यांनी मीराबाईंच्या मुलाला फोन लावला. तो मेंढरांबरोबर डोंगराच्या अंगाला गेलेला, फोन लागेना.

कांताबाई चष्म्याबाबत कितीही वेंधळ्या असल्या तरी अशा वेळी खंबीर. प्रवाशांना बल्लाळेश्वराच्या देवळात न्यायचं आणि मग खानावळीत जेवायला बसवायचं, ते सगळं त्यांनी आपल्याकडे घेतलं. वैभवनं गाडी वळवली. रिकाम्या गाडीत सुमेधाबाई ड्रायव्हरच्या शेजारी बसल्या. "काकी, टेन्शन नका घेऊ, काका एकदम फिट आहेत," असं वैभव दोनदा म्हणाला आणि मग बाईंचा चेहरा बघून गप्प झाला. चूक त्याचीही होती, ती त्याला चांगलीच टोचत होती. बाईंनी त्याला एक शब्दही बोलून दाखवला नाही. त्यांचं तिकडे लक्षच नव्हतं. त्यांनी पर्समधली गोळ्यांची डबी काढून मुठीत धरली होती. डॉक्टरांनी गोळी रघुवीररावांना जवळ ठेवायला सांगितली होती, आपल्याला नव्हे, हे त्यांना राहून राहून आठवत होतं.

तळ दिसला. गाडी नीट थांबायच्या आत बाई उतरल्या. चुलीपाशी कुणी नव्हतं. मग त्यांना दिसलं. ऐनाच्या झाडाखाली, कोकरांच्या जाळीला लागून, रघुवीरराव आडवे पडले होते. तोंडावर रुमाल, एक हात गवतात सुटलेला. एक कोकरू त्यांच्या स्वेटरची बाही चघळत होतं आणि ते काही हलत नव्हते.

ते अंतर बाईंनी कसं कापलं ते त्यांना पुढे कधी सांगता आलं नाही. चपला वाटेत राहिल्या. त्या गुडघ्यांवर बसल्या, रुमाल उडवला आणि नाकाशी बोटं धरली.

रघुवीररावांनी डोळे उघडले. "आहे गं," ते म्हणाले. "आहे."

सुमेधाबाई तिथेच मातीत बसल्या आणि रडायला लागल्या. कचेरीतून निवृत्त झाल्या तेव्हा त्या रडल्या नव्हत्या, दवाखान्याच्या बाकावर रडल्या नव्हत्या, तिथे रडत बसलो तर लक्ष कोण ठेवणार, म्हणून. आता मात्र त्या अगदी लहान पोरीसारख्या रडल्या. मीराबाई पाण्याचा तांब्या घेऊन आल्या, जवळ ठेवला आणि काही न विचारता निघून गेल्या. जाताना तेवढं सांगितलं की मालकांनी दीड भाकरी खाल्ली, आई नसलेल्या कोकराला बाटलीनं दूध पाजलं, आणि जाळी हलवायलाही हात लावला. भाकरीबरोबर काय खाल्लं, हा प्रश्न बाईंच्या ओठांवर आला होता. मिरचीचा ठेचा असणार आणि त्यात मूठभर मीठ. त्यांनी तो प्रश्न पाण्याबरोबर गिळला.

रडू ओसरल्यावर त्या क्षमा मागायला लागल्या. माझं चुकलं, मी नीट बघायला हवं होतं, असं सगळं. रघुवीरराव उठून बसले. बाही कोकराच्या तोंडातून सोडवून घेतली.

"तुझं काही चुकलं नाही," ते म्हणाले. "गाडी निघाली तेव्हा मी मागेच उभा होतो. हाक मारली असती तर वैभवनं लगेच थांबवली असती."

सुमेधाबाईंना आधी नीट कळलंच नाही. मग कळलं. "मग मारली का नाहीत?"

"पाच महिने मी मरतोय की काय ते तू बघतेयस. म्हटलं, आज जरा मीच बघतो."

वाऱ्यानं ऐनाची पानं वाजत होती. जाळीतली कोकरं एकमेकांच्या अंगावर चढत होती. बाईंच्या मनात आलं की या माणसाला इथेच सोडावं, मीराबाईंच्या घोड्यावर बांधून फलटणला जाऊ द्यावं.

"मग काय दिसलं?" त्यांनी विचारलं.

"भूक लागली," रघुवीरराव म्हणाले. "किती दिवसांनी लागली असेल."

सुमेधाबाई म्हणाल्या, "मला वाटलं, मी तुम्हाला मारलं."

हे रघुवीररावांनी हिशेबात धरलं नव्हतं. हाक न मारताना त्यांनी स्वतःचा विचार केला होता, त्या तरतरीत हवेचा केला होता, शेजारून कुणी चालत नाही या सुखाचा केला होता. पालीपासून इथपर्यंत ही बाई कशी आली असेल, ते त्यांच्या डोक्यात आलंच नव्हतं. त्यांनी तिच्या मुठीतली डबी पाहिली. मूठ इतकी घट्ट होती की त्यांना तिची बोटं एकेक करून सोडवावी लागली. बराच वेळ ते तो हात हातात घेऊन बसले. चुकलं माझं, असं ते दोनदा म्हणाले, आणि दोन्ही वेळा मनापासून म्हणाले.

मग त्यांनी एक गोष्ट सांगितली. "रात्री तू माझं मनगट धरून झोपतेस ना, ते नाडी बघायला, हे मला ठाऊक आहे. मी हललो की तू उठून बसतेस. म्हणून मी हलत नाही. झोपल्याचं सोंग घेऊन पडून असतो. पाच महिने आपण दोघंही जागेच आहोत, सुमेधा."

बाईंना हे खरंच ठाऊक नव्हतं. नवऱ्याचा श्वास लागतो केव्हा, थांबतो केव्हा, सगळं त्यांनी टिपलं होतं, आणि तो जागा आहे एवढंच त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. त्यांना हसू यायला लागलं. आधी नुसतं ओठांवर आलं आणि मग आवरेना. रघुवीररावही हसायला लागले. चुलीपाशी मीराबाई पदर तोंडाला लावून या दोघा म्हाताऱ्यांकडे बघत राहिल्या. शहरातल्या माणसांचं त्यांना नेहमीच नवल वाटायचं.

निघताना बाईंनी पर्स उघडली आणि फोन काढून दिला. गोळ्यांची डबी रघुवीररावांच्या शर्टाच्या खिशात त्यांनी स्वतः घातली, वरून बटण लावलं. गोळी केव्हा घ्यायची ते सांगायला त्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं. तो माणूस चाळीस वर्षं रेल्वेच्या हिशेब खात्यात होता, त्याला ते कळण्यासारखं होतं. मीराबाईंनी वाटेसाठी भाकरी बांधून दिल्या, बरोबर ठेचा. ते गाठोडंही रघुवीररावांनीच घेतलं.

पालीला मंडळी जेवून, दर्शन घेऊन, आणि या विषयावर भरपूर चर्चा करून तयार होती. रमाबाई डोळ्याचं औषध घेऊन एसटीनं परत गेली होती. जाताना सगळ्यांना सांगून गेली होती की बाईचा मालक चांगला हाय, काळजी करू नगा. कांताबाईंनी रघुवीररावांना आपादमस्तक न्याहाळलं. "काय हो भावोजी, मजा केलीत," त्या म्हणाल्या. रघुवीररावांनी गाठोडं उघडून त्यांना अर्धी भाकरी दिली, तेव्हा त्या जरा निवळल्या. सुमेधाबाईंनी सगळ्यांची माफी मागितली आणि ठरलेली उन्हेरेची गरम पाण्याची कुंडं आज बघून होणार नाहीत असं सांगितलं. कुणी कुरकुर केली नाही. नवरा विसरलेली आणि परत मिळवलेली मार्गदर्शक बघायला मिळाली, हेच त्यांना पुष्कळ झालं होतं.

परतीच्या वाटेवर सुमेधाबाई पुढच्या आपल्या नेहमीच्या जागेवर बसल्या नाहीत. त्या शेवटच्या सीटवर गेल्या. बसताना त्या फक्त एवढंच म्हणाल्या की मी जरा टेकते. खोपोलीच्या आधीच त्यांची मान रघुवीररावांच्या खांद्यावर आली.

पुढचं सगळं त्यांना वैभवनं दोन दिवसांनी सांगितलं, कारण त्यांना स्वतःला त्यातलं काहीही आठवत नाही. पनवेलला चहाला गाडी थांबली, त्या उठल्या नाहीत. कुणीतरी डोकी मोजायला हवीत म्हणून रघुवीरराव बसल्या जागेवरून एकेकाचं नाव घेत गेले, हळू आवाजात, बाईंना जाग येऊ नये म्हणून. दादरला मंडळी उतरली. जाताना सगळ्यांनी दबक्या पावलांनी दार ओलांडलं आणि कांताबाईंनी तर चपला हातात घेतल्या होत्या. गाडीत दोघंच उरले. बाईंचं तोंड जरा उघडं होतं आणि त्या चक्क घोरत होत्या.

"काका, घर आलं. उठवू का काकींना?" वैभवनं विचारलं.

रघुवीररावांनी घोंगडी तिच्या खांद्यावर वर ओढली. त्यांचा हात पार बधिर झाला होता.

"नको," ते म्हणाले. "पार्काला एक फेरी मार."